संकेतस्थळ बांधण्याचीं साधनें : कोणतें निवडावें?

हल्लीं शाळेंत येणारे पालक आम्हांस वारंवार एक प्रश्न विचारतात. "आमच्या मुलास संकेतस्थळें तयार करण्याची आवड आहे, तर त्यास कोणतें सॉफ्टवेअर घेऊन द्यावें?" कोणी जाहिरातींत वाचलेलें नांव घेऊन येतो, तर कोणी एखाद्या शिकवणीवर्गाचें फीचें पत्रक पुढें करतो. प्रश्न वरवर साधा आहे. परंतु त्याचें उत्तर एका नांवानें देतां येत नाहीं. या धंद्यांतील साधनांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर ज्या नांवावर काल सर्वांची भिस्त होती, तें आज दुकानांत शोधूनही सांपडत नाहीं, असें अनेकदां घडलेलें दिसतें. यास्तव साधनांची तुलना करण्यापूर्वीं, तीं साधनें जी वस्तु निर्माण करतात ती मुळांत आहे तरी काय, हें पाहणें बरें.

संकेतस्थळाचें पान म्हणजे वस्तुतः साध्या अक्षरांचा एक लेख होय. त्या लेखांत मजकुराच्या मध्यें मध्यें कोनाकृति कंसांत लहान लहान खुणा घातलेल्या असतात. "येथें मथळा आहे", "येथून परिच्छेद सुरू झाला", "हा शब्द दाबला असतां अमुक पानाकडे जावें", "येथें अमुक चित्र बसवावें", असा त्या खुणांचा अर्थ असतो. या खुणांच्या पद्धतीस एचटीएमएल हें नांव आहे. छापखान्याकडे जाणाऱ्या हस्तलिखितावर संपादक लाल शाईनें "हें ठळक घ्या", "येथें ओळ सोडा" अशा सूचना लिहितो; जुळारी त्या वाचतो, पण छापलेल्या पुस्तकांत त्या दिसत नाहींत. ब्राउझर हा तसाच एक जुळारी आहे. तो खुणा वाचतो, त्या गाळतो आणि त्यांच्या अर्थाप्रमाणें मजकूर मांडून आपणांस दाखवितो. अक्षरांचा रंग, आकार, समास, रकाने या गोष्टी सीएसएस नांवाच्या दुसऱ्या लेखांत लिहितात, आणि वाचकानें बटण दाबतांच कांहीं घडून यावयाचें असेल, तर त्याची आज्ञा जावास्क्रिप्ट या भाषेंत द्यावी लागते.

ज्यास याची प्रतीति घ्यावयाची असेल, त्यानें संगणकावरील नोटपॅड उघडावें, दहा ओळी मजकूर खुणांसह लिहावा, त्या लेखास एचटीएमएल हा प्रत्यय लावून तो सांठवावा, आणि ब्राउझरनें उघडून पाहावा. एक पैचाही खर्च न करतां पान तयार होतें. मग प्रश्न उरतो कीं, जें काम नोटपॅडनें होतें, त्यासाठीं हजारों रुपयांचीं साधनें लोक कां घेतात? घरांतील सुईदोऱ्यानें सदरा शिवतां येतो, म्हणून शिवणयंत्राचा खप थांबत नाहीं, हेंच त्याचें उत्तर. एक पान हातानें लिहिण्यांत गंमत आहे. दोनशें पानें लिहून प्रत्येकाच्या तळाशीं तोच पत्ता पुनः पुनः घालण्यांत मुळींच नाहीं.

पहिलें साधन मात्र कोणत्याही दुकानदारानें काढलें नव्हतें. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० सालीं नेक्स्ट नांवाच्या संगणकावर जो पहिला ब्राउझर लिहिला, त्यांत पान वाचतांही येत असे व लिहितांही येत असे. वाचक आणि लेखक या दोन निराळ्या जाति आहेत, ही कल्पनाच त्यांच्या मनांत नव्हती. पुढें ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्न संस्थेनें ही सारी विद्या सर्वांस मोफत खुली केली. त्याच वर्षीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांतून मोझेक हा ब्राउझर बाहेर पडला व घरोघर पोंचला. परंतु मोझेकनें पान फक्त दाखविलें. लिहिण्याची सोय त्यांत नव्हती. वाचणारे झपाट्यानें वाढले आणि लिहावयाचें कशानें, हा प्रश्न मोकळा राहिला. या मोकळ्या जागेंतच पुढील सर्व स्पर्धा उभी राहिली.

या स्पर्धेंतील तीन नांवें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. पहिलें फ्रंटपेज. हें मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या लहानशा कंपनीनें १९९५ सालीं काढलें, आणि जानेवारी १९९६ मध्यें मायक्रोसॉफ्टनें ती सबंध कंपनीच सुमारें १३ कोटि डॉलरांस विकत घेतली. दुसरें ड्रीमवीव्हर, मॅक्रोमीडिया कंपनीचें. तें डिसेंबर १९९७ मध्यें आलें. तिसरें गोलाइव्ह, तें प्रथम मॅकिंटॉश संगणकापुरतेंच होतें, व १९९९ सालीं अडोबी कंपनीनें तें आपल्याकडे घेतलें. तिन्हीं साधनांचें अभिवचन एकच होतें : "आपण पडद्यावर पान जसें मांडाल, तसेंच तें वाचकास दिसेल, खुणा लिहिण्याची दगदग आपण करूं नये, ती आमच्याकडे." तरीही तिघांचा स्वभाव इतका भिन्न होता कीं, ज्यानें तीनही वापरलीं, त्यास केवळ पानाच्या खुणा वाचून तें कशानें केलें आहे हें ओळखतां येत असे.

फ्रंटपेज हें कचेरींतील कारकुनाचें साधन. ज्यास वर्डमध्यें अर्ज लिहितां येतो, त्यास फ्रंटपेजमध्यें पान करतां यावें, असा त्याचा रोंख होता, आणि तो बव्हंशीं साधलाही. भेट देणाऱ्यांची संख्या मोजणारा आंकडा पाहिजे? एक यादी उघडा व निवडा. वाचकांनीं भरावयाचा तक्ता पाहिजे? तोही तयार आहे. परंतु या सोयींच्या पोटांत एक मेख होती. हा आंकडा व हे तक्ते चालावयाचे, तर पान ज्या सर्व्हरवर ठेवलें असेल तेथें फ्रंटपेजचीं खास जोडसूत्रें बसविलेलीं असावीं लागत. तीं नसलीं, कीं पान दिसे, पण आंकडा मुका होई आणि तक्ता भरून पाठविला तरी कोठेंच पोंचत नसे. त्यांतच फ्रंटपेज अनेकदां अशा खुणा लिही, कीं ज्या मायक्रोसॉफ्टच्याच ब्राउझरला नीट समजत व इतरांस नाहीं. गमतीची गोष्ट अशी कीं, फ्रंटपेज जीं अंतर्गत कपाटें निर्माण करी, त्यांच्या नांवांत "व्हीटीआय" हीं अक्षरें असत. तीं मूळच्या व्हर्मीर टेक्नॉलॉजीज इन्कॉर्पोरेटेड या कंपनीचीं आद्याक्षरें. कंपनी विकली गेली, तरी तिचा शिक्का वर्षानुवर्षें लाखों सर्व्हरांवर राहिला!

ड्रीमवीव्हरचा रोंख निराळा. तें धंदेवाईक कारागिरासाठीं होतें. त्या काळीं कसलेल्या कारागिरांस अशा साधनांचा मनापासून तिटकारा असे, आणि त्यास सबळ कारण होतें. हातानें नीटनेटक्या लिहिलेल्या खुणा अशा साधनांत एकदां उघडल्या, कीं साधन त्यांची आपल्या मर्जीनें फेरमांडणी करी. ओळी मोडी, नको त्या खुणा घाली, आणि मूळ लेख ओळखूं येईनासा होई. ड्रीमवीव्हरनें वचन दिलें कीं, तुम्ही हातानें लिहिलेल्या खुणांस आम्ही धक्का लावणार नाहीं. लेख आंत गेला तसाच बाहेर येईल. शिवाय एका अर्ध्या पडद्यावर खुणा व दुसऱ्या अर्ध्यावर दिसणारें पान, अशी दोन्ही रूपें शेजारीं शेजारीं ठेवण्याची सोय त्यानें केली. आमच्या मतें विद्यार्थ्याच्या दृष्टीनें ही एक सोय बाकीच्या शंभर सोयींहून मोठी होती. डावीकडे एक अक्षर बदलावें व उजवीकडे काय होतें तें पाहावें; चुकत माकत विद्या येते ती अशीच.

गोलाइव्ह हें चित्रकारांस व छपाईच्या मांडणीकारांस आवडे. कागदावर चौकट सरकवावी, तशी पडद्यावर चौकट सरकवून पान रचण्याची त्यांत मुभा होती. पण पान हें कागद नव्हे. कागदाची रुंदी ठरलेली असते, वाचकाच्या पडद्याची नसते. चौकटी जागच्या जागीं खिळून ठेवण्यासाठीं या साधनांना एक युक्ति करावी लागे. आंकड्यांचे तक्ते मांडण्यासाठीं ज्या खुणा होत्या, त्यांचाच उपयोग करून सबंध पान अदृश्य रेघांच्या तक्त्यांत बसवावयाचें, आणि मोकळी जागा टिकविण्यासाठीं एका बिंदूएवढें पारदर्शक चित्र ताणून घालावयाचें. तक्त्यांत तक्ता, त्यांत आणखी एक तक्ता! एका साध्या बातमीसाठीं शेंकडों ओळींच्या खुणा होत. हा दोष एकट्या गोलाइव्हचा नव्हता. त्या दिवसांत सर्वच असें करीत. रूप आणि मजकूर निराळे ठेवण्याची सीएसएस ही पद्धति १९९६ सालींच मान्य झालेली होती, पण ब्राउझर ती धड पाळीत नसत, म्हणून कारागीर नाइलाजानें तक्त्यांकडे वळत.

या तिघांच्या झगड्याचा निकाल गुणांवर लागला नाहीं, तो खरेदीखतावर लागला. २००५ सालीं अडोबीनें मॅक्रोमीडिया कंपनी सुमारें ३४० कोटि डॉलरांच्या सौद्यांत घेतली. आतां ड्रीमवीव्हर व गोलाइव्ह हीं दोन्ही प्रतिस्पर्धी साधनें एकाच घरांत आलीं. एका घरांत दोन सवती किती दिवस नांदणार? २००८ सालीं गोलाइव्ह बंद झालें. तत्पूर्वीं, २००६ सालीं, मायक्रोसॉफ्टनें फ्रंटपेजला निरोप दिला होता. ड्रीमवीव्हर तेवढें तगलें. पण तें विजयी झालें असें म्हणवत नाहीं, कारण ज्या रणांगणावर तें एकटें उभें राहिलें, तेथून लढाईच दुसरीकडे गेली होती.

साधन नाहींसें झालें म्हणजे त्यानें केलेल्या पानांचें काय होतें, हा या विषयांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. आणि पालक व विद्यार्थी तोच सहसा विचारीत नाहींत. ज्या पानांत साध्या एचटीएमएलच्या खुणा होत्या, तीं पानें, मग कोणत्याही साधनानें केलेलीं असोत, आजही कोणत्याही ब्राउझरमध्यें उघडतात. थोडीं वेडींवांकडीं दिसतील, पण वाचतां येतात. ज्या पानांचा जीव सर्व्हरवरील खास जोडसूत्रांत होता, त्यांचा तेवढा भाग मेला. आणि जीं संपूर्ण फ्लॅशमध्यें केलीं होतीं, त्यांची अवस्था तर याहून वाईट झाली. फ्लॅश हें हलत्या चित्रांचें, संगीताचें, खेळांचें मोठें मनोहर साधन होतें; त्यांत केलेल्या संकेतस्थळांस एके काळीं बक्षिसें मिळत. परंतु तें ब्राउझरच्या अंगचें नव्हतें, बाहेरून जोडावें लागे. ॲपलनें आपल्या आयफोनवर त्यास प्रवेशच दिला नाहीं, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजीं अडोबीनें त्याचा आधार पूर्णपणें काढून घेतला. त्यानंतर तीं संकेतस्थळें उघडलीं असतां एक कोरी चौकट दिसूं लागली. अभ्यासकांनीं त्यांपैकीं कांहीं कृति दुसऱ्या युक्तीनें जिवंत ठेवल्या आहेत, हें त्यांचे उपकार. पण ज्यानें आपल्या दुकानाचें पान फ्लॅशमध्यें करून घेतलें, त्यास तें पुनः पहिल्यापासून करावें लागलें.

आपल्या मराठी भाषेस या दुःखाचा अनुभव थोडा आधींच आला होता. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीस स्थान आहे; परंतु ती पद्धति सामान्य संगणकांवर रुजावयास पुढें बरींच वर्षें लागलीं. मधल्या काळांत मराठी पानें करणारे एक तोड काढीत. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचीं चित्रें बसविलेला एखादा फॉन्ट घ्यावयाचा, आणि त्यांत मजकूर लिहावयाचा. ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट असेल त्यास मराठी दिसे. इतरांस इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गोंधळ. एका शाळेनें पांच वर्षांचे निकाल व स्नेहसंमेलनांचे वृत्तांत अशा रीतीनें मोठ्या हौसेनें चढविले होते. फॉन्ट देणारा इसम धंदा सोडून गेला, नवे संगणक आले, आणि तो सारा मजकूर आज जागेवर असूनही कोणास वाचतां येत नाहीं. शोधयंत्रासही त्यांतील एक मराठी शब्द सांपडत नाहीं, कारण यंत्राच्या दृष्टीनें त्यांत मराठी नाहींच.

म्हणून कोणत्याही साधनाची परीक्षा करतांना मराठी विद्यार्थ्यानें प्रथम एक प्रयोग करावा. त्यांत "ज्ञानेश्वर", "क्षत्रिय", "ऱ्हास" असे जोडाक्षरांचे शब्द लिहावे, पान सांठवावें, आणि नंतर नोटपॅडमध्यें तो लेख उघडून खुणांमधील मजकूर पाहावा. तेथें शुद्ध देवनागरी दिसली पाहिजे. कांहीं जुनीं साधनें देवनागरी अक्षराच्या जागीं त्याचा क्रमांक लिहून ठेवीत. "म" च्या जागीं २३५० हा आंकडा, आणि असेच पुढें. ब्राउझर त्यावरून अक्षर बरोबर दाखवी, पण माणसास तो लेख वाचून दुरुस्त करणें अशक्य होई. तसेंच पानाच्या आरंभीं मजकूर युटीएफ-८ पद्धतीचा आहे व भाषा मराठी आहे, ह्या दोन खुणा साधन घालतें कीं नाहीं, तेंही तपासावें. पहिली खूण चुकली, तर अक्षरांच्या जागीं कचरा दिसतो. दुसरी नसली, तर आंधळ्या वाचकास पान वाचून दाखविणारें यंत्र मराठी मजकूर कोणत्या उच्चारानें वाचावा, याबद्दल गोंधळण्याचा संभव असतो.

आतां लढाई दुसरीकडे कशी गेली तें सांगितलें पाहिजे. ज्या संकेतस्थळावर रोज नवा मजकूर चढवावयाचा, तेथें प्रत्येक पान निराळें लिहून ठेवणें परवडत नाहीं. मजकूर एका कोठारांत ठेवावा, पानाचा सांचा एकदांच करावा, आणि वाचक येईल त्या क्षणीं सर्व्हरनें सांच्यांत मजकूर ओतून पान तयार करावें, ही त्यावरील तोड. बेल्जियमच्या ड्रीस बॉयटार्ट यांचें द्रुपल २००१ सालीं आलें. २७ मे २००३ रोजीं अमेरिकेंतील मॅट मुलेनवेग व इंग्लंडांतील माइक लिटल यांनीं वर्डप्रेसची पहिली आवृत्ति काढली. तीही कोऱ्या कागदावरून नव्हे, तर बी-टू नांवाच्या एका मागें पडलेल्या साधनाच्या पायावर. २००५ सालीं जूमला आलें. हीं तिन्हीं मोफत आहेत, आणि त्यांच्या मूळ आज्ञावल्या कोणासही पाहतां, बदलतां व वांटतां येतात. मुलेनवेग त्या वेळीं अवघे एकोणीस वर्षांचे होते, हें आमच्या मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांनीं ऐकून ठेवण्यासारखें आहे.

आज जगांतील संकेतस्थळांपैकीं शेंकडा चाळीसांहून अधिक वर्डप्रेसवर चालतात. त्याचें मुख्य कारण सोपेपणा. बसविणें सोपें, मजकूर लिहिणें सोपें, तयार सांचे हजारों, आणि त्याची कारभाराची बाजूही मराठींत करून घेतां येते. द्रुपल शिकावयास कठीण, पण नाना प्रकारचे सभासद, त्यांचे निरनिराळे अधिकार, गुंतागुंतीचा मजकूर अशा मोठ्या प्रपंचास तें अधिक शोभतें. जूमला या दोहोंच्या मध्यें. मात्र वर्डप्रेसचा सोपेपणा फसवाही आहे. त्यास जोडावयाचे उपयोजनाचे तुकडे कोणीही लिहितो; कांहीं उत्तम असतात, कांहीं अर्धवट टाकून दिलेले. चोर नेमके अशा बेवारशी तुकड्यांतून आंत शिरतात. ज्या घरांत वर्डप्रेस आहे, तेथें दर आठवड्यास नवी आवृत्ति घालण्याचें व प्रत करून ठेवण्याचें काम कोणाच्या तरी नांवानें नेमून दिलेलें असलें पाहिजे. "मोफत" या शब्दाचा अर्थ येथें एवढाच, कीं आरंभीं पैसे पडत नाहींत. आणखी एक घोटाळा पालकांच्या नेहमीं होतो तो येथेंच मिटवितों : वर्डप्रेस नांवाची आज्ञावली निराळी, आणि तीच आज्ञावली बसवून तयार जागा भाड्यानें देणारी त्याच नांवाची सेवा निराळी. पहिली आपण हव्या त्या सर्व्हरवर बसवितों. दुसरीच्या घरांत आपण राहावयास जातों.

भाड्याच्या घराचा विषय निघालाच आहे, तर विक्स आणि स्क्वेअरस्पेस यांकडे वळूं. यांत बसविणें नाहीं, सर्व्हर नाहीं, प्रत करणें नाहीं; ब्राउझर उघडावा, सांचा निवडावा, चित्रें सरकवावीं, आणि महिन्याचें किंवा वर्षाचें भाडें भरावें. लहान दुकानदारास, एखाद्या गायनवर्गास, लग्नाच्या निमंत्रणास हें पुरेसें आहे, आणि तें दिसतेंही सुबक. त्यांची निंदा करणारे कारागीर पुष्कळ आहेत. आम्हांस ती निंदा अर्धी खरी वाटते. खरा दोष दिसण्यांत नाहीं, घर सोडण्यांत आहे. विक्समध्यें केलेलें संकेतस्थळ उचलून दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेतां येत नाहीं. मजकूर व चित्रें हातानें काढून घ्यावीं, आणि नवें घर पुनः बांधावें. स्क्वेअरस्पेस कांहीं मजकूर वर्डप्रेसला देण्याजोग्या रूपांत बाहेर काढूं देतें, पण मांडणी तेथेंच राहते. घरमालकानें घर पाडावयाचें ठरविलें तर काय होतें, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं जिओसिटीजचा इतिहास वाचावा. १९९४ सालीं निघालेल्या या वसाहतींत लाखों सामान्य माणसांनीं आपलें पहिलें पान फुकट केलें होतें. १९९९ सालीं याहूनें ती विकत घेतली, आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजीं बंद केली. कांहीं स्वयंसेवकांनीं शेवटच्या महिन्यांत धडपड करून जितकीं पानें उतरवितां आलीं तितकीं उतरविलीं, बाकीचीं गेलीं.

याच संदर्भांत अडोबीच्याच म्यूज या साधनाचें उदाहरण द्यावेंसें वाटतें. २०१२ सालीं तें छपाईच्या मांडणीकारांसाठीं निघालें, अनेकांनीं त्यावर आपला चरितार्थ बसविला, आणि २०१८ च्या मार्चमध्यें कंपनीनें त्याची वाढ थांबविल्याचें जाहीर केलें. म्यूजमधून बाहेर पडलेलीं पानें चालत राहिलीं, परंतु त्यांच्या खुणा यंत्रानें यंत्रासाठीं लिहिलेल्या. त्यांत हात घालून एक ओळ बदलणें म्हणजे गुंता सोडविण्यासारखें. ज्यांस एचटीएमएल येत होतें, ते दुसऱ्या साधनाकडे गेले. ज्यांस केवळ म्यूज येत होतें, त्यांस मात्र विद्याच पुनः शिकावी लागली.

मध्यंतरीं आणखी एक क्रांति झाली. २००७ सालीं आयफोन आला व पान वाचण्याचा पडदा तळहाताएवढा झाला. पूर्वींचीं तक्त्यांत खिळलेलीं पानें त्यावर मुंगीच्या अक्षरांत दिसूं लागलीं. २०१० सालीं ईथन मार्कॉट यांनीं असा विचार मांडला कीं, फोनसाठीं एक व संगणकासाठीं दुसरें, अशीं दोन पानें न करतां, एकाच पानानें पडद्याच्या रुंदीप्रमाणें आपली मांडणी बदलावी. ही पद्धति आतां सर्वत्र रूढ आहे. आपल्याकडे बहुतेक वाचक पान फोनवरच उघडतात. तेव्हां जें साधन हें नीट साधूं देत नाहीं, तें कितीही गाजलेलें असो, आपल्या उपयोगाचें नाहीं.

गमतीचा भाग असा कीं, कसलेले कारागीर या सर्व प्रवासानंतर पुनः साध्या लेखनिकाकडेच आले आहेत. हल्लीं त्यांच्यांत सर्वाधिक वापरांत असलेलें व्हिज्युअल स्टुडिओ कोड हें मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं आणलेलें मोफत साधन म्हणजे नोटपॅडचाच फार हुशार वंशज होय. तें पान रचून देत नाहीं. खुणा लिहितांना मदत करतें, चूक झाली तर खालीं रेघ ओढतें, अर्धा शब्द लिहिला तर पुरा करतें. त्याचे प्रतिस्पर्धी थोडे नव्हते. अडोबीचें ब्रॅकेट्स होतें, त्याचा आधार २०२१ सालीं संपला. गिटहबचें ॲटम होतें. २०१८ सालीं गिटहब कंपनी मायक्रोसॉफ्टनें घेतली, आणि २०२२ च्या डिसेंबरांत ॲटम बंद झालें. पण येथील फरक लक्षांत घ्यावा. ॲटममध्यें लिहिलेलें पान दुसऱ्या दिवशीं व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्यें जसेंच्या तसें उघडलें. एक अक्षर वांया गेलें नाहीं. लेखणी मोडली, वही शाबूत राहिली.

आतां यंत्रास मराठींत किंवा इंग्रजींत वर्णन करून सांगितलें, तर तें खुणा लिहून देतें, अशीं साधनेंही निघालीं आहेत. गिटहबनें असें एक साधन २०२१ सालींच दाखविलें होतें. तीं वापरूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु यंत्रानें लिहिलेलें बरोबर आहे कीं नाहीं, हें ज्यास वाचतां येत नाहीं, त्याची स्थिति फ्रंटपेजच्या कारकुनासारखी होते : आंकडा कां मुका झाला, हें त्यास कधींच कळत नाहीं.

तर मग पालकांच्या प्रश्नाचें उत्तर काय? मूल बारा ते सोळा वर्षांचें असेल व त्यास ही विद्या शिकावयाची असेल, तर पहिलें वर्ष एक रुपयाही खर्चूं नये. व्हिज्युअल स्टुडिओ कोड, दोन निरनिराळे ब्राउझर, आणि मोझिला संस्थेची मोफत संदर्भपानें एवढ्यावर एचटीएमएल व सीएसएस उत्तम शिकून होतें. घरीं संगणक नसेल, तर शाळेच्या संगणकावर तेंच काम आठवड्यांतून दोन तासांतही पुढें सरकतें. दुसऱ्या वर्षीं वर्डप्रेस स्वतःच्या संगणकावरच बसवून त्याचा सांचा आंतून उघडून पाहावा. ज्या शिकवणीवर्गाच्या पत्रकांत केवळ एका कंपनीच्या साधनाचें नांव आहे आणि एचटीएमएलचा उल्लेख नाहीं, तेथें फी भरण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. ज्यांस शिकावयाचें नसून घरच्या धंद्यासाठीं केवळ एक पान पाहिजे आहे, त्यांनीं भाड्याचें साधन खुशाल घ्यावें. मात्र संकेतस्थळाचें नांव, म्हणजे ज्यास डोमेन म्हणतात तें, स्वतःच्या खात्यावर निराळें नोंदवावें, आणि पान करून देणाऱ्याच्या नांवावर कदापि ठेवूं नये. नांव आपल्या हातांत असलें, म्हणजे घर बदललें तरी पत्ता तोच राहतो. मूळ चित्रें व मूळ मजकूर यांची एक प्रत घरच्या संगणकावर व दुसरी एखाद्या पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि वर्षांतून एकदां, दिवाळीच्या सुट्टींत म्हणा, ती उघडते कीं नाहीं तें पाहून घ्यावें.